डाव्या दाराचा खटका

कृष्णात मला पहिल्यांदा भेटला तेव्हा आम्हा दोघांच्या मध्ये मोटारीचं दार होतं, आणि ते उघडत नव्हतं.

१९४६ सालचा श्रावण. सोमवार म्हणून शाळा सकाळीच सुटली होती आणि मुलींसाठी पाटीवरच्या पेन्सिली आणायला मी वडिलांबरोबर आष्ट्याहून सांगलीला आले होते. पेन्सिली घेऊन झाल्यावर आबांना हळदपेठेतल्या अडत्याला भेटायचं होतं. त्यांनी मोटार गोदामाच्या भिंतीला अशी चिकटवून लावली की उजव्या बाजूची दोन्ही दारं भिंतीलाच टेकली. स्वतः पुढच्या डाव्या दारानं सरकत उतरले, "हा आलो" म्हणाले आणि गेले. मी मागच्या सीटवर. मागचं डावं दार वर्षभर बिघडलेलं, ते आतून उघडत नसे. पुढच्या सीटवरून पाय टाकून उतरता आलं असतं, पण आष्ट्याच्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईनं भर पेठेत वीस हमालांसमोर पाचवारी पातळात ती कसरत करावी, हे काही मला पटेना. म्हणून मी बसून राहिले.

पावसाची सर आली. काचेवर धुकं धरलं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी काचेवर बोटानं टकटक केली. खाकी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि हात मनगटापर्यंत हळदीनं पिवळे.

"आत कोण अडकलंय व्हय?"

मी काच चार बोटं खाली घेतली. "कुणी न्हाई अडकलं. मी बसलीया."

"बरं," तो म्हणाला. "बसा मग."

आणि गेला नाही. शेजारी एक लॉरी हळदीची पोती भरून घेत उभी होती, तिच्या ताडपत्रीखाली तो उभा राहिला आणि पाऊस बघायला लागला. मी पेन्सिलींचा पुडा मांडीवर घेतला. थोड्या वेळानं, त्याचं लक्ष नाही असं बघून, दाराची मूठ हळूच फिरवली. मग आणखी दोनदा.

"तीन डाव झालं," पावसाकडं बघतच तो म्हणाला.

"काय तीन डाव?"

"मूठ फिरवून. नुसतं बसलेल्या माणसानं तीन डाव मूठ फिरवली."

मला राग आला. आणि हसूही आलं, पण ते मी पुड्याच्या मागं ठेवलं.

तो जवळ आला. "आसं करा… दार भाईर ढकलू नका. आत वढा, गच्च. आन् मग मूठ फिरवा. मी खालनं उचलून धरतो."

त्यानं वाकून दाराखाली हात घातले. मी आत ओढलं, मूठ फिरवली, आणि दार एवढं अचानक उघडलं की माझा एक पाय सरळ चिखलात गेला. त्यानं मला सावरलं वगैरे नाही. तो चटकन दोन पावलं मागं झाला. त्याचं ते मागं होणं मला आवडलं, हे मी त्याच वेळी मनात नोंदवून ठेवलं.

त्याचं लक्ष मात्र दाराकडं होतं. दाराच्या कडेतून खटक्याची जीभ बाहेर येते तिथं त्यानं बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

"करडीचं त्याल. घरात कोण घालतंय ह्येला?"

उत्तर द्यायच्या आत आबा परत आले. मुलगी चिखलात, दार उघडं, आणि दाराला हात लावून परका माणूस.

"कोण रं तू?"

आबांच्या मिशा आणि उभं राहण्याची तऱ्हा बघून त्याला काय कळायचं ते कळलं. टाचा जुळल्या. "कृष्णात, साहेब. मोटार ट्रान्सपोर्ट. चार वर्सं. बसऱ्यात हुतो, मग इटलीत."

आबा म्हणजे सुभेदार मानसिंग. पलटणीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण पलटण त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. 'इटली' ऐकल्यावर चिखल, मुलगी, दार सगळं मागं पडलं. पाव तासानं ठरलं ते असं: कृष्णातची लॉरी सोमवारी आणि गुरुवारी सांगलीहून आष्ट्यावरून कऱ्हाडला जाते, तेव्हा येत्या गुरुवारी त्यानं आमच्या वाटेवरच्या घरी थांबून हे दार बघावं.

आता त्या गुरुवारचं सांगायला हवं, आणि त्यातली एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. मी सकाळी शाळेत होते. तुम्हाला मात्र आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जो शहाणपणा केला तो काय किमतीचा होता ते समजेल.

कृष्णात लॉरीवर कायमचा नव्हता. नेहमीचा ड्रायव्हर आजारी, त्याच्या बदली हा. भाद्रपदात गौरी-गणपती उरकले की तो ड्रायव्हर परत येणार आणि ह्याला गावचा रस्ता. गाव माण तालुक्यात, दहिवडीकडं. शेत पावसावरचं, पाऊस त्याच्या मर्जीवरचा. तिकडचे तरणे पुरुष मुंबईला जातात तसा हाही जाणार होता. पण गावात त्याची आई राहीबाई एकटी होती, चार शेरडं घेऊन. इस्लामपूरला आबांचे दोस्त आप्पासो यांनी नुकत्याच तीन बसगाड्या घेतल्या होत्या आणि त्यांना एक मिस्त्री हवा होता. आबांचा शब्द तिथं चालला असता. त्या सकाळी आबा त्याला म्हणाले, "महिनाभर हे दार नीट उघडलं-मिटलं, तर आप्पासोला चिठ्ठी देतो. न्हाईतर न्हाई. माझा शब्द मी फुकट टाकत न्हाई."

एका माणसाची भाकरी आणि त्याच्या आईची सोबत, दोन्ही आमच्या डाव्या दारावर टांगलेली. मी दुपारी घरी आले तेव्हा मला दिसलं ते एवढंच की दार बिजागऱ्यांवरून अर्धं निखळलंय आणि सोमवारचा हळद्या हात आज तेलकट आहे.

"लाकूड झिजलंया," तो दाराशी बोलावं तसं म्हणाला. "स्क्रू धरीना. दार खाली लोंबतंय." त्यानं स्क्रूच्या भोकांत बांबूच्या बारीक काड्या ठोकून बसवल्या, वर स्क्रू पिळले आणि दार उचललं गेलं. मग माझ्याकडं वळला.

"घरात काजळ हाय का?"

"कुणाला लावायचंय?"

"दाराला."

घरात आत्याची डबी होती. मी माझी आणली. त्यानं बोटावर काजळ घेऊन खटक्याच्या जिभेला लावलं, दार मिटलं, परत ओढून उघडलं. मोटारीच्या चौकटीवर जीभ अडकायची पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर भोकाच्या खाली काळा फराटा उमटला होता.

"बगा. जीभ ह्या भोकात जाया पायजे. ती खाली घासतीया. दारानं सांगितलं आपल्याला कुटं दुखतंय ते."

"दार एवढं बोलतंय व्हय?"

"इचारलं तर बोलतंय." तो पट्टी सोडवायला लागला. "माणसांचंच अवघड आसतंय…"

"माणसांना इचारून बघितलंय का कवा?"

त्याचा पेचकस जरा थांबला. "न्हाई," तो म्हणाला. "सवय न्हाई तसली."

पट्टी त्यानं बोटभर खाली बसवली. दार आता सरळ मिटत होतं, पण मूठ फिरवली की भोकात गेलेली जीभ बाहेर यायला तयार नव्हती. तेव्हा त्यानं आतल्या बाजूची फळी काढली. आत खटक्याच्या स्प्रिंगवर पिवळट, चिवट, डिंकाचा असावा तसा थर होता. नखानं खरवडला तर पापुद्रे निघाले.

भामाआत्या नेमकी तेव्हा बाहेर आली. आबांची मोठी बहीण, माहेरीच राहिलेली, आमच्या घरातलं सगळं तिच्या हातात. तिनं पापुद्रे बघितले आणि कमरेवर हात ठेवले.

"मी घालती त्याल. दर आवसंला घालती. नांगराला घालती, मोटंच्या चाकाला घालती, मग मोटारीलाच का नगं? ती काय सावत्र हाय?"

"आत्याबाई," कृष्णात मान खाली घालून म्हणाला, "मोटंचं चाक रोज फिरतंय. तितं त्यालाला वाळाय येळच मिळत न्हाई. ह्यो खटका दिसातनं दोन डाव हलतोय. करडीचं त्याल बसून वाळलं की त्येचा डिंक हुतो. बारा आवसंचं बारा थर हायती हितं."

"मग कंचं घालायचं?"

"शिलाईच्या मशिनीचं. दोन थेंब. ते बी सा म्हयन्यातनं एकदा."

"दोन थेंब," आत्या म्हणाली. "काय, तीर्थ शिंपडायचंय व्हय?" आणि आत गेली. पण आत जाऊन तिनंच चहा टाकला.

रॉकेल कंट्रोलचं, मापून मिळणारं, तरी आबांनी वाटीभर दिलं. कृष्णातनं चिंधी बुडवून एकेक भाग पुसला, दोन थेंब सोडले, फळी लावली. मग मला म्हणाला, "आत बसा. आतनं उघडा."

मी उघडलं. समोर तो.

"मिटा. परत उघडा."

उघडलं. परत तोच.

"किती डाव?"

"धा."

सातव्या वेळी माझ्या लक्षात आलं. "तिसऱ्या डावालाच बरं झालं हुतं की हे."

"व्हय."

"मग धा कशाला?"

तो हात पुसत होता. हात केव्हाच पुसून झाले होते. "खात्री… नगं करायला?"

मी उरलेल्या तीन वेळा दार उघडलं. जरा सावकाश उघडलं, हेही खरं. जाताना त्यानं काजळाची डबी परत दिली. झाकणावर त्याच्या बोटाचा ठसा होता. तो मी पुसला नाही, आणि रात्री आत्यानं "डबी कशानं भरलीय" म्हटल्यावर ती माझ्या पेटीत ठेवून दिली.

दार उत्तम चाललं, हीच अडचण होती.

सोमवारी साडेदहाला लॉरी शाळेवरून गेली. शाळा रस्त्यालाच. हॉर्न दोनदा वाजला. गुरुवारी पुन्हा दोनदा. प्रवासी सर्व्हिसच्या गाड्या तिथं एकदाच वाजवत. तिसऱ्या खेपेला पहिल्या बाकावरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाई, लॉरी." मी सगळ्या वर्गाला त्रैराशिकाची पाच उदाहरणं घातली. पण लॉरी थांबत नव्हती, ती थांबणार तरी कशाला? दुरुस्त झालेल्या दाराकडं मिस्त्री येत नसतो. तो भला माणूस होता आणि भल्या माणसाला कारण लागतं. मला तो आवडला होता. अगदी सरळ सांगायचं तर मी त्याच्या दोन हॉर्नवर आठवडा काढत होते. वीस वर्षांच्या आयुष्यात मी कुणाची अशी वाट बघितली नव्हती आणि हे काम मला जमत नाही असं माझ्या लक्षात आलं.

अमावास्या आली. आत्यानं नांगराला, मोटेच्या चाकाला तेल घातलं, मोटारीला नुसतं हळदकुंकू लावलं आणि "बघ बाई, तुझं तेल बंद केलंय त्यांनी" असं तिला सांगून घरात गेली. सगळी जेवायला बसेपर्यंत मी स्वयंपाकघरात होते. सणाचं तळण झालं होतं. कढईत उरलेलं करडईचं तेल काळसर, दाट झालं होतं. मी पळीभर घेतलं, मोटारीपाशी गेले आणि खटक्याच्या फटीतून आत सोडलं. त्यातलं थोडं पातळावर सांडलं. पातळ मी स्वतः धुतलं.

आणि मग तेल वाळायची वाट बघत बसले. प्रेमात पडलेल्या मुली चंद्राची, पत्राची, कशाकशाची वाट बघतात असं ऐकलं होतं. मी रोज शाळेतून आल्यावर मोटारीचं मागचं दार उघडून बघत होते, ते बिघडलं का. बिघडेना. आठवडाभर आभाळ भरलेलं, बारीक सर सतत चालू, उन्हाचा पत्ता नाही. तेल ओलंच. एके दिवशी ऊन पडलं तेव्हा मी आबांना म्हणाले, "आबा, मोटार जरा उन्हात लावू या का? कुबट वास येतोय." आबांनी लावली. माझं बोलणं ते नेहमीच ऐकतात.

गौरी विसर्जन झाल्यावर तिसऱ्या दिवशी आत्या देवीला जाऊन आली आणि मोटारीतच अडकली. खरोखर अडकली. दाराची मूठ नुसती गरगर फिरत होती. शेवटी तिला दुसऱ्या बाजूनं उतरावं लागलं, हातातला नारळ आणि ओटीचे तांदूळ सांभाळत. आबांनी मूठ स्वतः दोनदा फिरवून बघितली.  कऱ्हाडहून परत येणाऱ्या लॉरीला त्यांनी गड्याकरवी निरोप धाडला.

गुरुवारी लॉरी आमच्या दारात थांबली तेव्हा मी शाळेत नव्हते. डोकं दुखत होतं असं मी मुख्याध्यापकबाईंना कळवलं होतं.

त्यानं फळी काढली. आत बोट फिरवलं, वास घेतला. मग अंगठ्यानं तो थर चोळून बघितला. आबा शेजारी उभे, आत्या ओसरीवर, मी चहाचा पेला घेऊन दारात.

"आत्याबाई, परत त्याल घातलं का?"

"जोतिबाची आण," आत्या म्हणाली. "तू सांगितल्यापासनं हात लावला न्हाई मी. नुसतं कुकू लावलंया. म्हातारीवर आळ घेतोस व्हय रं?"  तिला खरंच लागलं होतं.

कृष्णातनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मी पेल्यातल्या चहाकडं बघायला लागले. त्याला कळलं होतं. मला एवढंच वाटलं, बरं झालं कळलं… आता तो काहीतरी बोलेल, किंवा मी बोलेन. पुढचं मला काही दिसत नव्हतं.

तो आबांकडं वळला. "माझंच चुकलं, साहेब. आधीचा थर समदा निघाला न्हवता. मी घाई केली."

"तीन आठवडं," आबा म्हणाले. "मी महिना म्हणलो हुतो."

"व्हय, साहेब."

"आप्पासोला काय सांगू मी? एका दाराचा खटका जमला न्हाई, पर तीन बसा द्या ह्येच्या हातात?"

"नगा सांगू, साहेब. बरोबर हाय तुमचं."

आणि तो पुन्हा फळीच्या आत वाकला, चिंधी मागितली, शेवटचं काम नीट करून द्यायला.

मी आत्याजवळ गेले. "कसला महिना? कसल्या बसा?"

आत्यानं पदरानं नाक पुसलं आणि सगळं सांगितलं. महिन्याचा वायदा, इस्लामपूर, शेरडं घेऊन एकटी राहिलेली आई. "आज त्येचा लॉरीवरचा शेवटचा दिस. चिठ्ठी गेली त्येची. सोमवारी निघाला म्हमईला. पोरगं बरं हुतं…"

 हे मी केलं होतं, पळीभर तेलानं. आणि त्याला ते ठाऊक होतं, तरी त्यानं सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं होतं. मी गप्प राहिले असते तर माझं काहीही बिघडलं नसतं. शाळा चालली असती. हॉर्न बंद झाला असता, एवढंच.

मी पेला ओसरीवर ठेवला आणि अंगणात उतरले.

"आबा, ते तेल मी घातलं."

कृष्णातची चिंधी थांबली. आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या वडिलांचं एक आहे, समोरच्याला पळायला वाट ठेवल्याशिवाय ते चाल करत नाहीत.

"चुकून घातलं आसशील," ते म्हणाले. "घालायचं न्हाई हे तुला कुणी सांगितलं नसंल."

वाट चांगली रुंद होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. चिठ्ठीही बहुतेक मिळाली असती. पण आत्यावर आळ आला होता, त्याच्यावर आला होता, आणि आणखी एक खोटं मला आवरून ठेवता आलं नसतं.

"न्हाई. मुद्दाम घातलं. तळणातलं, दाट बघून."

"कशापायी?"

माझे कान तापले होते. तरी आवाज वर्गात असतो तसाच आला. "दार चांगलं झाल्यापासनं ह्ये येत न्हवते."

आत्या ओसरीवर बसली होती, ती उभी राहिली, आणि परत बसली.

 माझ्याकडं न बघता आबा कृष्णातला म्हणाले, "तुला कळलं हुतं?"

"व्हय, साहेब. वासावरनं."

"मग माझ्याफुडं खोटं का बोललास?"

"त्यांचं नाव आलं आसतं."

"आन् तुझी नोकरी?"

"म्हमईत बी नोकऱ्या हायत्या, साहेब."

"एवढंच?"

कृष्णात सावधान उभा राहिला. त्याला दुसऱ्या रीतीनं खरं बोलता येत नसावं. "न्हाई, साहेब. तुमचं बोलावणं आलं तवा… मी बी लॉरी जरा जोरातच मारली."

आत्याला आता तोंड फुटलं. "मानसिंगा, पोरगं माणातलं हाय. तिकडं बायका पाण्याला दोन कोस जात्यात. किसनाकाठची पोर त्या कोरड्यात द्यायची?"

"इस्लामपुरात हिरी हायत्या," आबा म्हणाले.

"ते नोकरी लागली तर."

"ते मी बगतो."

आत्यानं कृष्णातला खालून वर बघितलं. काहीतरी खोट सापडावी अशी तिची फार इच्छा होती. "देवक कंचं तुमचं?"

"कळंब, आत्याबाई."

"आमचं पंचपालवी," असं म्हणून तिनं सुस्कारा सोडला. देवकं वेगळी, म्हणजे तिकडूनही लग्नाला काही अडत नव्हतं.

आबा मला घेऊन आत आले. ते पलटणीत शिकले ते सगळं रोमन लिपीत, बाळबोध लिपी त्यांना येत नाही, म्हणून घरची पत्रं मी लिहिते. त्यांनी दौत-टाक घ्यायला लावलं आणि हात मागं बांधून फेऱ्या घालत सांगायला लागले. बाहेरून रॉकेलचा वास आणि चिंधीचा आवाज येत होता.

"राजश्री आप्पासो यांस मानसिंग सुभेदाराचा रामराम. पत्र घेऊन येणारा इसम कृष्णात हा पलटणीत चार वर्षं मोटारीवर होता. हात चांगला आहे. आमच्या मोटारीचं दार त्यानं दुरुस्त केलं. ते परत बिघडलं, त्यात त्याचा कसूर नाही. कसूर आमच्या घरातल्या माणसाचा आहे. लिवलंस?"

"लिवलं."

"कुणाचा, ते बी लिव."

"आबा…"

"शिक्षा न्हाई ही. दोस्ताला अर्धी गोष्ट सांगत न्हाई मी."

मी लिहिलं, 'माझी मुलगी विजयमाला हिचा'. आबा खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. पुढची ओळ त्यांनी माझ्याकडं पाठ करूनच सांगितली. ती लिहिताना टाक दोनदा अडखळला. मुलींना मी अक्षरावरून फार बोलते, त्यांनी ती ओळ बघितली नाही हे बरं झालं.

शाई वाळल्यावर आबांनी कागद घेतला, उलटा-सुलटा बघितला आणि अंगणात जाऊन कृष्णातच्या हातात दिला. "मला हे वाचाय येत न्हाई. पोरीनं बरोबर लिवलंय का बग. मोठ्यानं वाच."

त्यानं हात शर्टाला पुसले आणि हुकूम वाचावा तसं वाचायला सुरुवात केली. रामराम, पलटण, हात चांगला. दाराचं आलं. कसूर आला. माझ्या नावापाशी त्याचा आवाज थोडा खाली गेला आणि परत वर आला. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. शेवटची ओळ होती:

"सदर इसम दिवाळीनंतर आमचा जावई होणार आहे, तरी मी शब्द टाकतो तो नात्याकरिता नव्हे, कामाकरिता."

तो थांबला. कागदावरून नजर न काढता त्यानं ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली. पुन्हा वाच, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.